सह्याद्री अजा संवर्धन मंडळी

मला एक सूक्ष्मदर्शक हवा होता, एवढंच. शेळ्यांशी माझा काहीही संबंध नव्हता.

सूक्ष्मदर्शक डॉक्टर गुप्त्यांचा होता. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या मागच्या खिडकीत, हिरव्या कापडाखाली, तो पितळी सूक्ष्मदर्शक उभा असायचा. तीन भिंगं, खालचा आरसा अजून स्वच्छ, आणि फिरवायची चाकं अशी मऊ की बोट लावलं की लोण्यातून गेल्यासारखं वाटे. प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाल्यानंतर मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. शाळेत सूक्ष्मदर्शकाचं चित्र होतं. नऊ वर्षं मी मुलींना त्या चित्रातून बघायला सांगत होते.

१९६३च्या दिवाळीत डॉक्टर म्हणाले, "बाई, पुढच्या दिवाळीला मी दवाखाना बंद करून लेकीकडे जबलपूरला जाणार. हा तुमच्यासाठी ठेवतो. पण फुकट देणार नाही. फुकट दिलेल्या वस्तूवर लोक भांडी वाळत घालतात."

किंमत वाजवी होती. फक्त ती माझ्याजवळ नव्हती. माझा पगार घरात यायचा आणि घरातच कुठेतरी मुरायचा, जसं पावसाचं पाणी आमच्या भिंतीत मुरायचं. उरलं होतं ते बोर्डाचे पेपर तपासल्याचं मानधन. त्यात फार तर भिंगं झाकायचं हिरवं कापड आलं असतं.

हे सगळं मी आमच्या दुधवाल्या दत्तोबांना का सांगितलं, ते आता आठवत नाही. दत्तोबा वडिवळ्याचे. रोज कामशेतला पॅसेंजर धरून दूध आणायचे आणि दुधाबरोबर सल्ला देत. दोन्हींत पाण्याचं प्रमाण सारखंच असे.

"बाई, पैसं पेटीत ठेवून काय ते वितात व्हय?" ते म्हणाले. "एक गाभण शेळी घ्या. आमच्या गावच्या वर ठाकरवाडी हाय, तितं हिरी म्हणून बाई हाय. तिला अर्धलीनं द्या. शेळी तुमची, राखण तिची, करडं निम्मी तुमची निम्मी तिची. दूध ती खाईल. तुमी बसून ऱ्हावा."

बसून राहणं हे माझं आवडतं काम होतं. त्या दिवसानंतर वर्षभर मला ते करता आलं नाही.

मी एक शेळी घेतली आणि त्याच संध्याकाळी आलेखाच्या कागदावर एक रेषा काढली. एक शेळी दोनदा विते, करडं वाढतात, ती वितात, त्यांची करडं वाढतात. रेषा सुरुवातीला आडवी चालली होती, मग तिने मान वर केली आणि कागदाच्या बाहेर गेली. मला फार समाधान वाटलं. त्या आलेखात सगळी करडं माद्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं नाही. माझा विषय प्राणिशास्त्र होता, हे मी वर सांगितलंच आहे.

हा कागद पोंक्षेकाकांनी पाहिला.

पोंक्षेकाका भांगरवाडीत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहत. मुंबईला एका साबणाच्या कंपनीच्या हिशेब खात्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर हवेसाठी लोणावळ्याला आले, पण हवा त्यांना पुरत नव्हती. ते साखर मागायला आले होते. आलेख बघून साखर विसरले.

"खांबेटेबाई, ही शेळी नाही," ते म्हणाले. "हे भांडवल आहे."

"ती शेळीच आहे, काका. करड्या रंगाची."

"एकटीदुकटी शेळी म्हणजे जुगार. वाघरू आलं, संपलं. तीन शेळ्या म्हणजे उद्योग. आमच्या हेड ऑफिसात एक वाक्य भिंतीवर लावलेलं होतं : नफा खाल्ला की कंपनी मेली. आमच्या मालकांनी पहिल्या वर्षीचा नफा शिवला नाही, कढई घेतली. दुसऱ्या वर्षीचा शिवला नाही, दुसरी कढई घेतली. तिसऱ्या वर्षी बॉयलर!"

"पण काका, मला कढई नको आहे. मला सूक्ष्मदर्शक—"

"मिळेल! एक का, चार मिळतील. धीर धरा."

मी गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे संमती, असा आमच्या आळीतला नियम आहे आणि तो माझ्या बाबतीत सर्रास वापरला जातो.

रविवारी काकांच्या पडवीत सभा झाली. भागीदार तीन : पोंक्षेकाका, समोरचे आगाशे पतिपत्नी मिळून एक, आणि मी. प्रत्येकाची एकेक शेळी. माझे यजमान सभेला आले नाहीत. ते रेल्वेत होते आणि ज्याला रूळ नाहीत अशा कोणत्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. नावावर बराच वेळ चर्चा झाली. 'शेळी' हा शब्द पाटीवर बरा दिसणार नाही, असं आगाशेवहिनींचं मत पडलं. 'बकरी' तर नकोच, त्याने खाटकाची आठवण होते. शेवटी काकांनी संस्कृतचा आधार घेतला आणि 'सह्याद्री अजा संवर्धन मंडळी' जन्माला आली. काका अध्यक्ष झाले. मी शास्त्रीय सल्लागार झाले. आगाशे काहीच बोलत नसत म्हणून त्यांना चिटणीस केलं.

होळीच्या सुमारास दत्तोबांनी दुधाच्या मापाबरोबर बातमी दिली : तिन्ही शेळ्या व्यायल्या, पाच करडं झाली. मे महिन्याच्या सुट्टीत वाटणीला यावं, असा हिरीचा निरोप होता.

आम्ही कामशेतला उतरून वडिवळ्यापर्यंत चालत गेलो, पुढे वाडीपर्यंत चढत गेलो. काकांनी छत्री, कोट आणि हेड ऑफिसचा अनुभव बरोबर घेतला होता. हिरी दारातच बसली होती. तिचा नवरा कोंडू खुंट्याला दोर वळत होता. हिरी बारीक, चपळ आणि बोलायला मोकळी होती.

"आमच्यात रीत हाय," ती म्हणाली. "ढीग मी मांडणार, उचलणार तुमी. मग कुणाचा रुसवा न्हाई."

तिने करडं दोन खुंट्यांना बांधली. एकीकडे तीन नर, उड्या मारणारे, भरदार. दुसरीकडे दोन पाटी, म्हणजे माद्या, किरकोळ, एकमेकींना चिकटून उभ्या. तीन तिकडे का, असं मी विचारलं तेव्हा हिरी म्हणाली, "ह्या दोन बारक्या हायत, बाई. मग तिकडं एक जादा नको व्हय?"

मला सगळं समजलं होतं. पाट विते, बोकड वीत नाही. हे समजायला पदवी लागत नाही, पण माझ्याजवळ तीही होती. मी म्हणाले, "अहो, पण काका—"

"थांबा, बाई," काकांनी छत्री वर केली. "व्यवहार मला कळतो. तीन हे दोनांपेक्षा जास्त." आणि त्यांनी तीन बोकड उचलले.

हिरीने पदर तोंडाला लावला. कोंडू दोर वळायचा थांबला आणि पुन्हा वळू लागला.

परत येताना आगाशेवहिनींनी बोकडांना नावं दिली : चंपक, मोती आणि भालचंद्र. माझ्या वाट्याचा चंपक. पांढरा, एक कान काळा, आणि माझ्या चपलेचा पट्टा पहिल्या भेटीतच चावलेला. नावं दिली तेव्हाच मंडळीचं दिवाळं निघालं होतं, पण ते आम्हाला दसऱ्याला कळलं.

कारण बोकडाचा नफा एकाच रीतीने होतो, आणि ती रीत आमच्या आळीत उच्चारायचीसुद्धा सोय नव्हती. आम्ही तिन्ही घरं कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य करणारी. कामशेतच्या बाजारात जत्रेच्या हंगामात बोकडाला सोन्याचा भाव येतो, हे दत्तोबांनी चारदा सांगितलं. चारही वेळा वहिनींनी कानावर हात ठेवले. काकांनी मात्र यातून मार्ग काढला. विकता येत नाही, वाटता येत नाही आणि खाता तर येतच नाही, अशा मालमत्तेला हेड ऑफिसात एक नाव होतं. त्यांनी तिन्ही बोकड राखीव निधीत टाकले.

"पहिल्याच वर्षी राखीव निधी!" ते म्हणाले. "आमच्या मालकांना हे सात वर्षांनी जमलं."

राखीव निधी खातो, हा शोध आम्हाला हळूहळू लागला. अर्धलीच्या रिवाजात मालकाने आपला वाटा उचलून घरी न्यायचा असतो. आम्ही तो वाडीवरच ठेवला, म्हणून हिरीने चराईचे वेगळे पैसे मागितले, आणि ते रास्त होते. मग काकांनी निधीसाठी पत्र्याची पडवी उभारायचं ठरवलं. मग प्रत्येकाला घंटा. मग मंडळीच्या नावाची पाटी, ठाकरवाडीत, जिथे वाचणारं कुणी नव्हतं. दर वेळी "नफा पुन्हा धंद्यात" असं म्हणून काका आमच्याकडून वर्गणी घेत. मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, नफा धंद्यात घालायचा तर आधी तो हातात यावा लागतो ना? हे तर आपण पगार धंद्यात घालतोय."

"बाई, तुम्ही शास्त्राच्या," काका प्रेमाने म्हणाले.

इकडे मी दर दोन दिवसांनी दवाखान्यावरून जाऊ लागले. आमच्या घराच्या वाटेवर तो नव्हता. मी भाजी आणायला निघून, बाजाराला उलटा वळसा घालून, मागच्या खिडकीत हिरवं कापड आहे ना एवढं बघून येई आणि भाजी विसरे. एकदा कापड नव्हतं. मी आत धावले. डॉक्टरांनी ते धुवायला दिलं होतं. दुसऱ्या एका दिवशी खिडकीशी एक गृहस्थ उभे होते, चाक फिरवत होते. मुलांच्या वसतिशाळेचे मुख्याध्यापक. "बाई नाही घेऊ शकल्या तर मला सांगा, रोख घेऊन येतो," ते डॉक्टरांना म्हणत होते. त्या दिवसापासून माझं वर्गातसुद्धा लक्ष लागेना. फळ्यावर अमीबा काढता काढता मी त्याला एक काळा कान काढला, असं मुली सांगतात.

आषाढात राखीव निधीने आपण होऊन गुंतवणूक केली. तिन्ही बोकडांनी दावी तोडली, वाडीवरून खाली उतरले आणि वडिवळ्यात कुणाच्या तरी भाताच्या रोपात शिरले. लावणीला ठेवलेली रोपं त्यांनी अशी साफ केली की मालकाने बोलणंसुद्धा टाळलं, सरळ कोंडवाड्यात नेऊन घातलं. सोडवायला काका आणि मी गेलो. कोंडवाड्याच्या दारात गेणू नावाचा शिपाई बाकावर पाय घेऊन बसला होता.

"मालक कोन?"

"सह्याद्री अजा संवर्धन मंडळी," काका म्हणाले.

"ती कुटंय?"

"मी अध्यक्ष."

"मंग मालक तुमी?"

"नाही. मालक मंडळी. मंडळी ही कायद्याने एक स्वतंत्र व्यक्ती असते."

गेणूने हे नीट ऐकून घेतलं. "आसू द्या की. त्या व्यक्तीला घेऊन या सही कराया. तवर बोकडं हितंच."

काकांनी पावसात उभं राहून त्याला कंपनी कायदा समजावून दिला. गेणू मधून मधून "व्हय, व्हय" म्हणत होता आणि कुलपाला हात लावत नव्हता. चंपक फळीच्या फटीतून माझी छत्री खात होता. शेवटची पॅसेंजर चुकायची वेळ आली तेव्हा मी पुढे होऊन रजिस्टरात लिहिलं : मालक, सौ. खांबेटे. दंडही मीच भरला. काका परतीच्या गाडीत माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या सहीने मंडळीच्या स्वतंत्र अस्तित्वाला धक्का पोचला होता.

नवरात्रात हिरीचा धीर संपला. तिने स्वतःच्या दोन्ही पाटी ठेवल्या होत्या, शेळ्यांच्या दुधावर पोरं धष्टपुष्ट झाली होती, तिची काही तक्रार नव्हती. पण आमचे बोकड आता मोठे झाले होते, माद्यांना आणि वाडीतल्या बायकांना धडका देत होते. एका सकाळी मी वर्गात भिंगाचे नियम शिकवत असताना शाळेचा शिपाई आला. "बाई, जकात नाक्यावर बोलावलंय. तुमची जनावरं आलीत."

नाक्यावर हिरी आणि कोंडू उभे होते. पहाटे निघून रस्त्याने चालत आले होते. तीन शेळ्या, तीन बोकड आणि घंटांचा आवाज.

"बाई, तुमचा वाटा आनलाय," हिरी म्हणाली. "इकत न्हाई, खात न्हाई, वाटूनबी घेत न्हाई. आसं कुटं आस्तंय का? शेळ्या म्हनशीला तर पुन्यांदा अर्धलीनं घेऊन जाते. पर ह्ये तिगं तुमचं तुमी बघा."

नाक्यावरच्या कारकुनाने पावतीपुस्तक उघडलं. "जनावरं कशासाठी?"

"म्हणजे?"

"तीनच रकाने आहेत, बाई. कत्तलीसाठी, पाळण्यासाठी, का गावातून पलीकडे जाणार?"

"पाळण्यासाठी," मी म्हणाले. मागे मोटारी थांबायला लागल्या होत्या.

"मग आरोग्य खात्याची परवानगी दाखवा."

"ती कुठे मिळते?"

"आत, कचेरीत."

"मग मी जाऊन आणते."

"जा की. पण ते जनावरं बघितल्याशिवाय परवानगी देत नाहीत."

"मग जनावरं घेऊन जाते."

"परवानगीशिवाय जनावरं आत सोडता येत नाहीत."

मी या वाक्यांचा क्रम मनात दोनदा तपासला. त्यात चूक नव्हती. मुंबईकडे जाणाऱ्या एका मोटारीतून कुणीतरी डोकं बाहेर काढून विचारलं, "काय भाव, बाई?" कोंडूने भाव सांगितला. मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

कारकुनाने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि एकदम उभा राहिला. "खांबेटेबाई ना तुम्ही? आमची शकू तुमच्याच वर्गात! तुम्ही म्हणून सांगतो. कत्तलीसाठी लिहितो, मिनिटात मोकळ्या. पुढे तुम्ही कापा नाहीतर ओवाळा, आम्ही बघायला येत नाही."

त्याने ते मोठ्याने उच्चारत लिहिलं. सौ. खांबेटे, शास्त्र शिक्षिका. बोकड. कत्तलीसाठी. शाळेतल्या दोन मुली जेवायला घरी चालल्या होत्या, त्या थांबून ऐकत होत्या. मी सही केली. शेळ्या हिरीबरोबर परत गेल्या आणि तीन बोकड घेऊन मी भांगरवाडीची वाट धरली. म्हणजे त्यांनी मला धरून नेलं.

आळीत ते जेमतेम पंधरवडाभर होते. त्यांनी काय काय खाल्लं ते सांगत बसत नाही. काकांची शेवंती, वहिनींचं वाळत घातलेलं लुगडं आणि माझ्या यजमानांचं रेल्वेचं वेळापत्रक, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. वेळापत्रक गेल्यावर हे प्रथमच या विषयावर बोलले. "कधी सुटणार?" एवढंच म्हणाले.

विशेष सर्वसाधारण सभा भरली. बोकड विकणं भाग आहे हे आता सगळ्यांना दिसत होतं. फक्त ते कुणाला दिसायला नको होतं. काकांनी ठराव मांडला : विक्री करावी, परंतु खरेदीदाराने बोकडांचं आयुष्यभर प्रेमाने संगोपन करण्याची लेखी हमी द्यावी.

कामशेतचा व्यापारी हौशीराम बोलावण्यावरून आला होता. त्याने हमीपत्र काकांना वाचून दाखवायला लावलं. "देतो की हमी," तो म्हणाला. "लेकरावानी वाढवतो. पर काका, हमीचं येगळं पैसं पडतील. भाव निम्मा."

"निम्मा?"

"बोकूड जलमभर पोसायचा म्हंजी मला खर्च न्हाई का?" त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. वहिनींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "निम्मा तर निम्मा. बिचारे सुखात तरी राहतील." आगाशे खाली बघत होते.

काकांनी अंगठा घ्यायला शाईची दौत पुढे केली. "आणि ही रक्कम," ते म्हणाले, "आपण खाणार नाही. मधमाश्या! पेट्या घ्यायच्या. मध कुणाला मारून मिळत नाही. नफा पुन्हा धंद्यात."

दिवाळी आठवड्यावर आली होती. डॉक्टरांचं सामान बांधायला सुरुवात झाली होती. त्या दिवशी दुपारी मी उलटा वळसा घालून गेले तेव्हा मुख्याध्यापक आत बसलेले दिसले होते.

मी विचारलं, "काका, तुमच्या साबणाच्या मालकांना शेवटी काय मिळालं?"

"म्हणजे?"

"कढई घेतली, बॉयलर घेतला. नफा खाल्ला कुणी?"

"मुलाने."

"आणि मालकांना?"

"हॉलमध्ये त्यांचं मोठं तैलचित्र आहे," काका म्हणाले. "हार घालतात रोज."

मी उठून उभी राहिले. सभेत मी उभी राहिले, हे बघून सगळे इतके दचकले की हौशीरामनेही टोपी सावरली. "मला माझा वाटा द्या," मी म्हणाले. "मांडायचं काम नको. तीन आहेत, तिघांचे. मी चंपक उचलते."

"आणि त्याचं करणार काय?" वहिनींचा आवाज चढला. "तरी मी म्हणतच होते! नाक्यावर हिने काय लिहून दिलंय ते सगळ्या गावाला ठाऊक आहे! कत्तलीसाठी!"

"हो," मी म्हणाले. "लिहून दिलंय. सहीसुद्धा केलीय. म्हणजे आता माझ्या अब्रूची काळजी कुणी करायला नको."

मी दावं सोडलं आणि बाहेर पडले. मागे हौशीराम म्हणत होता, "मंग दोनाचीच हमी ल्ह्या."

बाजारातून बोकड नेणं ही गोष्ट ज्यांनी केली नसेल त्यांना सांगते : बोकड मधूनच बसतो. आम्ही चिक्कीच्या दुकानासमोर बसलो, पोस्टासमोर बसलो. ओळखीच्या माणसांनी नमस्कार केले, मीही केले. दवाखान्याच्या पायरीवर डॉक्टर खोक्याला सुतळी बांधत होते. खिडकीतलं हिरवं कापड आता घडी करून ठेवलेलं होतं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"माझा वर्षाचा नफा," मी म्हणाले. "रोख नाही. हा आहे. चालेल का?"

डॉक्टरांनी सुतळी खाली ठेवली. खाली वाकून, रोग्याला तपासावं तशी चंपकची पाठ चाचपली, बरगड्या चाचपल्या, ओठ वर करून दात पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एक निराळंच तेज आलं. "मुख्याध्यापक उद्या सकाळी येणार होते," ते म्हणाले. "पण रविवारी माझं निरोपाचं जेवण आहे, आणि असा बोकड लोणावळ्यात पैसे देऊन मिळत नाही. मंजूर! नाव काय हो याचं?"

मी दावं त्यांच्या हातात दिलं. "ते मी सांगणार नाही, डॉक्टर."

त्यांनी दावं पायरीच्या कठड्याला बांधलं आणि सूक्ष्मदर्शक आणायला आत गेले.

मी त्यांच्याकडून हमीपत्र घेतलं नाही. पुढे काय झालं ते मला माहीत आहे, आणि मोती आणि भालचंद्राचं काय झालं तेही मला माहीत आहे. फरक इतकाच की त्या दोघांसाठी वहिनी अजून दिवाळीला हौशीरामकडे फराळाचा डबा पाठवतात.

रविवारी डॉक्टरांनी मलाही जेवायला बोलावलं. गेले नसते तर बरं दिसलं नसतं. कोपऱ्यातल्या पाटावर मला वेगळा वरणभात वाढला. समोरच्या पंगतीत आगाशे बसले होते, एकटे, बाह्या वर करून. त्यांनी मला पाहिलं नाही आणि मी त्यांना पाहिलं नाही. वर्षभरात मंडळीचा लाभांश प्रत्यक्ष मिळालेले आम्ही दोघेच.

सूक्ष्मदर्शक मी आमच्या मागच्या खिडकीत ठेवला. सोमवारी शाळेला सुट्टी होती. सकाळच्या उन्हात आरसा फिरवला आणि वलवणच्या तळ्यातल्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेतला. वर्षभरात मी पहिल्यांदा खुर्चीत नीट बसले होते. थेंबात चपलेच्या आकाराचा एक जीव होता. मधोमध आवळत, आवळत चालला होता. एकाचे दोन व्हायला आले होते.

दार वाजलं. दत्तोबा दुधाचं माप घेऊन उभे होते, आणि त्यांच्यामागून पोंक्षेकाका आत येत होते.

"बाई, ती दुर्बीन का?" दत्तोबा जरा लांबूनच म्हणाले. "दूध-बिध बघू नगा तिच्यात. उगाच पाप दिसायचं."

"दूध!" काका म्हणाले. "खांबेटेबाई, ऐकलंत? दुधाची तपासणी! गावात दुधवाले किती, घरं किती! भांडवल तुमच्या खिडकीत उभंच आहे. पहिल्या वर्षीचा नफा मात्र—"

मी डावा हात वर करून त्यांना थांबवलं. उजवा चाकावर होता. डोळा मी वर उचलला नाही.